विश्लेषण : मोटारीला ‘व्हील स्पेसर’ लावावेत का? आणि लावायचेच असतील तर काय तपासावे?

मडगार्डच्या रेषेत आलेली चाके, रुंद टायर आणि रस्त्यावर फाकून उभी असल्यासारखी दिसणारी गाडी. असे रूप देण्यासाठी वापरला जाणारा एक स्वस्त भाग म्हणजे ‘व्हील स्पेसर’. हब आणि चाक यांच्यामध्ये बसणारी ही धातूची चकती. यवतमाळ, पुसद किंवा वणीतले तरुण ती ऑनलाइन मागवतात आणि टायरच्या दुकानात अर्ध्या तासात बसवूनही घेतात. त्या अर्ध्या तासात ज्या गोष्टी तपासायला हव्यात त्या बहुतेक वेळा राहून जातात. राहून गेलेल्या गोष्टीची किंमत मात्र करंजी-पांढरकवड्याच्या पट्ट्यात, राष्ट्रीय महामार्ग ४४ वर, ताशी ८० किमीच्या वेगात चुकवावी लागू शकते. निखळलेले चाक गाडीतल्यांनाच धोक्यात घालते असे नाही, समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्यालाही ते चुकवता येत नाही.

स्पेसर नेमके काय करतो?

चाक जितक्या जाडीच्या स्पेसरवर बसते, तितके ते बाहेर सरकते. दोन्ही बाजूंना २५ मिमीचे स्पेसर लावले की त्या धुऱ्यावरच्या दोन चाकांमधले अंतर ५० मिमीने वाढते. इतकाच त्याचा हिशेब.

कापूस-तुरीच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला ही कल्पना नवी नाही. ओळीतल्या अंतराप्रमाणे ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाची डिस्क उलटी करून, रिम फिरवून चाकांतले अंतर कमी-जास्त केले जाते. फरक असा, की ट्रॅक्टरच्या कंपनीने ती सोय मुळातच दिलेली असते. कोणत्या मापापर्यंत जायचे तेही ठरवून दिलेले असते. मोटारीत मात्र कंपनीने एकच माप धरून स्टेअरिंग, बेअरिंग, ब्रेक आणि शॉकअब्सॉर्बरची मांडणी केलेली असते. काही महागड्या गाड्यांना कंपनीच स्पेसर देते. पोर्शेच्या ‘९११’साठी ५ मिमीचे स्पेसर कंपनीकडूनच मिळत आले आहेत. पण त्या वेळी त्याच्यासोबतचे लांब बोल्ट आणि घट्ट करण्याचे माप हेही कंपनीचेच असते.

गरज खरी की हौसेची?

स्पेसर लावण्यामागे दोन कारणे असतात. पहिले दिसण्याचे. दुसरे खरोखर अडचणीचे : नवे रुंद अलॉय व्हील बसवले आणि ते आतल्या बाजूने शॉकअब्सॉर्बरला किंवा ब्रेक कॅलिपरला घासू लागले. या दुसऱ्या प्रसंगात दुकानदार ‘पाच मिमीचा स्पेसर टाकू, काम होऊन जाईल’ असे सांगतो. काम होतेही. पण खरी चूक त्याआधी, चाक निवडताना झालेली असते.

प्रत्येक चाकाला ‘ऑफसेट’ नावाचे माप असते. रिमच्या रुंदीचा मध्य आणि हबला टेकणारा चाकाचा पृष्ठभाग यांच्यातले हे अंतर. ते रिमच्या आतल्या बाजूला ‘ईटी’ या खुणेपुढे मिमीमध्ये कोरलेले असते. समजा, मूळ चाक साडेपाच इंच रुंद आणि ईटी ४५ चे आहे. त्याजागी ७ इंच रुंद, त्याच ईटी ४५ चे चाक आणले, तर रुंदीतली दीड इंचाची वाढ दोन्हीकडे समान वाटली जाते. म्हणजे चाक आतल्या बाजूला १९ मिमीने शॉकअब्सॉर्बरकडे सरकते आणि तेवढेच बाहेरही येते. तिथे मग ५ मिमीचा स्पेसर घालून आतली जागा मोकळी करायची, तर बाहेरची बाजू २४ मिमीने पुढे येते. आता पर्याय पाहा. ६ इंच रुंद, ईटी ४० चे चाक घेतले असते, तर ते आत जेमतेम दीड मिमी सरकले असते आणि बाहेर साधारण ११ मिमी आले असते. गाडी भारदस्त दिसली असती आणि स्पेसरची गरजच पडली नसती.

म्हणून चाक घेण्याआधी मूळ चाकाची रुंदी आणि ईटी कागदावर लिहून नेणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. चाके आधीच घेतली असतील, तर ती बदलून मिळतात का, हे स्पेसर शोधण्याच्या आधी विचारावे.

या जिल्ह्यातल्या रस्त्यांवर त्याचा परिणाम काय?

चाक बाहेर सरकले की गाडी जास्त स्थिर होते, असे सांगितले जाते. गुळगुळीत रस्त्यावर, वळणावर ते थोडेफार खरेही आहे. नागपूर-तुळजापूर महामार्गाच्या चौपदरी पट्ट्यात कदाचित ते जाणवेलही. पण यवतमाळची गाडी फक्त महामार्गावर चालत नाही. ती कोळशाच्या ट्रकांनी खचवलेल्या वणी परिसरातल्या रस्त्यांवर जाते, पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदण रस्त्यावर उतरते आणि बैलगाडीच्या चाकोरीतून बाहेर पडताना तिचे एकच चाक आपटते.

इथे स्पेसरचा दोष उघडा पडतो. पुढचे चाक ज्या अक्षाभोवती वळते, त्यापासून टायरचा जमिनीला टेकलेला मध्य जितका लांब, तितका खड्ड्याचा झटका स्टेअरिंगला जास्त बसतो. दार बिजागरीपासून लांब ढकलले की सहज फिरते, तसेच हे. एक चाक खड्ड्यात पडले की स्टेअरिंग हातातून ओढल्यासारखे होते.

ब्रेकचाही संबंध येतो. पुढची चाके इंजिनने फिरणाऱ्या बहुतेक छोट्या मोटारींत ब्रेकची यंत्रणा तिरकी विभागलेली असते : पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक एका वाटेवर, उरलेली दोन दुसऱ्या वाटेवर. एक वाट निकामी झाली तरी गाडी शक्य तितकी सरळ थांबावी म्हणून पुढच्या चाकाचे हे माप मुद्दाम विशिष्ट ठेवलेले असते. जाड स्पेसर ते बिघडवतो. रोजच्या वापरात हे कळत नाही. ब्रेकची एक वाट ज्या दिवशी बंद पडेल त्या दिवशी कळते.

बेअरिंगचा हिशेब साधा आहे. एका चाकावर ३०० किलो भार धरला आणि तो २५ मिमी बाहेर नेला, तर बेअरिंगला वाकवणारा जादा जोर साधारण ७५ न्यूटन मीटर होतो. गाडी उभी असताना. खड्ड्यात आपटल्यावर तो कितीतरी पटीने वाढतो. अर्थात, चुकीच्या ऑफसेटच्या चाकानेही हेच होते. चाक कशामुळे बाहेर आले, याच्याशी बेअरिंगला देणेघेणे नसते. स्पेसरने वाढतो तो एक जादा जोड, आणि कधी त्याच्याबरोबर नटांचा एक जादा संच. सैल होऊ शकणाऱ्या जागा वाढतात.

चाक नटांवर लटकत नाही

स्पेसरबाबत सर्वांत मोठा गैरसमज इथे आहे. चाकाचे वजन स्टडवर टांगलेले असते असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात नट चाकाला हबवर इतक्या जोराने दाबून धरतात, की दोन पृष्ठभागांमधल्या घर्षणानेच चाक जागेवर राहते. १२ मिमीच्या कोरड्या स्टडवर नट १०० न्यूटन मीटरने आवळला, तर तो साधारण चार टनांच्या जोराने दाबतो. चार नटांचा मिळून सोळा-सतरा टन. हा दाब कमी झाला की चाक सूतभर हलू लागते, स्टड दर फेऱ्याला वाकतो-सरळ होतो आणि एखादी तार वाकवून-वाकवून तोडावी तसा एक दिवस तुटतो. एक तुटला की उरलेल्यांवर भार वाढतो.

म्हणून स्पेसर निवडताना सगळे लक्ष या दाबावर हवे.

स्पेसर दोन प्रकारचे असतात. पातळ, नुसती सरकवायची चकती : तिच्यातून मूळ स्टड आरपार येतात आणि त्यावरच चाकाचे नट लागतात. आणि जाड, साधारण २० मिमीच्या पुढचे : ते आधी मूळ स्टडवर त्यांच्या स्वतःच्या नटांनी आवळायचे, मग स्पेसरला असलेल्या नव्या स्टडवर चाक लावायचे.

पातळ चकतीचा धोका आट्यांचा. चकती जितकी जाड, तितके स्टडवरचे आटे, गॅरेजच्या भाषेत चुड्या, नटाला कमी मिळतात. ठोकताळा असा, की स्टडच्या जाडीइतके आटे नटात गुंतले पाहिजेत. मारुतीच्या बऱ्याच गाड्यांत १२ मिमीच्या स्टडवर आट्यांचे अंतर १.२५ मिमी असते. म्हणजे नट हाताने लावायला सुरुवात केल्यापासून चाकाला टेकेपर्यंत किमान १० फेरे व्हायला हवेत. ह्युंदाई आणि टोयोटाच्या अनेक गाड्यांत हे अंतर १.५ मिमी असते. तिथे किमान ८ फेरे. ५ मिमीची चकती मारुतीतले चार फेरे खाऊन टाकते. म्हणून चकती लावण्याआधी आणि लावल्यानंतर, दोन्ही वेळा फेरे मोजावेत. कमी पडले तर लांब स्टड बसवावे लागतात. ते जमणार नसेल तर चकती परत करावी. ‘घट्ट बसला ना, मग झाले’ हे उत्तर चालत नाही. पाच फेऱ्यांवरही नट घट्ट बसल्यासारखाच वाटतो.

जाड स्पेसरचा धोका वेगळा. २० मिमीच्या स्पेसरमधून मूळ स्टडचे टोक पलीकडे डोकावू शकते. चाकाच्या मागच्या बाजूला त्या जागी खोलगट खाचा असतील तर ठीक. नसतील तर चाक स्पेसरवर न टेकता स्टडच्या टोकांवर टेकते. बाहेरून सगळे घट्ट दिसते. चाक उलटे करून त्या खाचा पाहणे आणि मोजणे, एवढेच काम असते.

मधल्या छिद्राकडे दुर्लक्ष नको

ग्राहक बोल्टच्या वर्तुळाचे माप विचारतो. स्विफ्टला ४ बोल्ट, १०० मिमी. क्रेटा आणि इनोव्हा क्रिस्टा या दोघींना ५ बोल्ट, ११४.३ मिमी. पण हबचा मधला उंचवटा ज्या छिद्रात बसतो त्याचे माप क्रेटाला ६७.१ मिमी आहे आणि क्रिस्टाला ६०.१ मिमी. क्रेटाचा स्पेसर क्रिस्टाच्या स्टडवर आरामात चढेल. मात्र मध्ये चहूबाजूंनी साडेतीन मिमीची पोकळी राहील. चाक मध्यावर बसणार नाही आणि ठरावीक वेगाला स्टेअरिंग थरथरत राहील. ती थरथर बॅलन्सिंग करून जात नाही. बॅलन्सिंगवर दोन-तीनदा पैसे घालवल्यावर हे लक्षात येते.

स्पेसरच्या बाहेरच्या तोंडालाही तसाच उंचवटा हवा, म्हणजे चाक त्यावर मध्यात बसते. पातळ चकत्यांना तो बहुधा नसतो, आणि त्या हबचा मूळ उंचवटाही झाकून टाकतात. दिसायला निरुपद्रवी वाटणारी पातळ चकती त्यामुळेच अनेकदा जास्त त्रासाची ठरते.

‘सगळ्या गाड्यांना चालेल’ असे लंबगोल छिद्रांचे स्पेसर घेऊ नयेत. लेथवर पत्र्यातून कापून घेतलेली चकती, दोन चकत्या एकावर एक, किंवा स्टडवर वॉशर घालून चाक बाहेर काढणे, यांतले काहीही नको. यवतमाळचा खरादी कुशल असेल, त्याबद्दल शंका नाही. पण दोन्ही तोंडे तंतोतंत समांतर असणे आणि योग्य प्रतीचे घडीव ॲल्युमिनियम असणे ही वेगळीच गोष्ट आहे. आणि स्पेसर एका धुऱ्यावर दोन्ही बाजूंना सारख्याच जाडीचे हवेत. एका बाजूचे चाक घासते म्हणून फक्त तिथेच लावायचा, हा उपाय नव्हे. एकच बाजू घासत असेल तर काहीतरी वाकलेले आहे.

बसवताना

गाडी सपाट, पक्क्या जागेवर. चाकांना दगड किंवा ओट लावलेली. चाक काढल्यावर हबचे तोंड तारेच्या ब्रशने घासून चकचकीत करायचे. गंज किंवा रंगाचा पापुद्रा मध्ये राहिला तर काही दिवसांत तो चुरला जातो आणि तेवढा दाब कमी होतो. मागच्या ड्रम ब्रेकवर ड्रम धरून ठेवणारी छोटी क्लिप किंवा स्क्रू असेल, तर स्पेसर तिच्यावर अडून तिरका बसतो. नुसता हाताने दाबून स्पेसर डुलतो का, कुठे फट दिसते का, हे पाहावे. फट दिसली तर तिथेच थांबायचे.

नटाचा प्रकार जुळला पाहिजे. काही चाकांना शंकूच्या आकाराची बैठक असते, होंडाच्या गाड्यांना गोल, टोयोटाच्या काही अलॉयना सपाट वॉशरची. चुकीचा नट फक्त कडेवर टेकतो.

आवळायचे ते समोरासमोरच्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत, आणि शेवटचा टप्पा टॉर्क रेंचने. माप गाडीच्या पुस्तिकेत असते. लहान-मध्यम मोटारींत ते साधारण ८५ ते १२० न्यूटन मीटरच्या दरम्यान येते. हवेच्या गनने ‘टर्रर्र’ करून आवळलेला नट किती आवळला गेला ते कुणालाच माहीत नसते. कमी आवळलेला जसा वाईट, तसाच जास्त आवळलेलाही. त्यात स्टड ताणला जातो. आट्यांना तेल-ग्रीस लावू नये. तेलामुळे त्याच मापाला दाब खूप जास्त पडतो. टॉर्क रेंच ज्या दुकानात नाही, तिथे स्पेसर बसवू नयेत. ही अट अवघड वाटेल, पण तिच्यात सूट देण्यासारखे काही नाही.

बसवल्यावर स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहावे. मागे तीन माणसे बसवून एखाद्या गतिरोधकावरून सावकाश जावे. टायर मडगार्डला लागत असेल तर तो इथेच लागतो. रिकामी गाडी दुकानात नीट बसली, आणि दिवाळीत कुटुंब घेऊन माहूरला निघाल्यावर टायर कापला गेला, हे टाळता येते. चाक बाहेर आल्याने चिखल आणि गिट्टी दारांवर उडते, ते मात्र टळत नाही.

पुढे ५० ते १०० किमी चालवून सगळे नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासायचे. जाड स्पेसरमध्ये यासाठी चाक काढावे लागते, कारण आतले नट चाकामागे दडलेले असतात. नेमके हेच कुणी करत नाही. बाहेरचे नट तपासून समाधान होते आणि आतले सैल होत राहतात. ढाब्यावर थांबलेला ट्रकवाला टॉमीने टायर ठोकत गाडीभोवती फेरी मारतो, ती सवय इथे उपयोगाची आहे. नट आणि चाक यांच्यावर मिळून रंगाची एक रेघ ओढली की नट सरकला का ते लांबूनही दिसते. नटाभोवती लालसर भुकटी, हळू वेगात येणारा टकटक आवाज किंवा नव्याने सुरू झालेली थरथर दिसली, की गाडी तिथेच बाजूला घ्यावी.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये स्पेसरचे नाव नाही. उत्पादकाने ठरवून दिलेल्या तपशिलाशी नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही, असा त्याचा आशय आहे. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हीच भूमिका ठामपणे मांडली. तो खटला स्पेसरचा नव्हता, पण बदल केलेल्या वाहनांकडे पाहण्याची यंत्रणेची नजर त्यानंतर कडक झाली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. कलम १९० दोष माहीत असूनही वाहन रस्त्यावर आणण्याबद्दल आहे; त्या दोषामुळे अपघात झाला तर शिक्षा वाढते.

जर्मनीत स्पेसर गाडीच्या मॉडेलनुसार तपासलेल्या प्रमाणपत्रासह विकला जातो आणि बसवल्यावर तपासणी करून घेता येते. भारतात बाजारातल्या स्पेसरसाठी अशी रुळलेली व्यवस्था नाही. त्यामुळे ‘हा चालतो’ या दुकानदाराच्या शब्दाला कायद्यापुढे वजन नाही. एमएच २९ पासिंगच्या गाडीचा मालक यवतमाळच्या परिवहन कार्यालयात आधी लेखी विचारू शकतो. विमा कंपनीलाही लेखी कळवावे. न कळवलेला बदल अपघातानंतर सर्वेअरला दिसला, तर दाव्यावर वाद होतो. नव्या गाडीच्या बेअरिंग किंवा सस्पेन्शनची वॉरंटीही धोक्यात येते.

आणि स्टेपनी?

रात्री कळंबजवळ पंक्चर झाले की डिकीतली लोखंडी स्टेपनी निघते. पातळ चकतीसाठी लांब स्टड बसवलेले असतील, तर इथे एक छुपा सापळा आहे. लोखंडी डिस्क अलॉयपेक्षा पातळ असते. पुढून बंद असलेला टोपीचा नट लांब स्टडच्या टोकाला आतून टेकतो आणि पान्याला घट्ट लागतो, पण डिस्कवर दाब पडलेलाच नसतो. जाड स्पेसरमध्ये स्टेपनी स्पेसरच्या स्टडवर बसते आणि तिला लागणारे नट अलॉयच्या नटांपेक्षा वेगळे असू शकतात. म्हणून स्पेसर बसवला त्याच दिवशी, दुकानातच, स्टेपनी एकदा चारही जागी लावून पाहावी. तिला लागणारे नट वेगळे असतील तर ते एका पिशवीत घालून जॅकशेजारी ठेवावेत.